हाताजोगें हत्यार

मुंबई-पुण्याच्या वाटेवरील थंड हवेचें खंडाळें सर्वांच्या परिचयाचें आहे. त्याच नांवाचें दुसरें खंडाळें पुण्याहून साताऱ्यास जातांना, नीरा ओलांडून शिरवळ मागें टाकल्यावर, खंबाटकी घाटाच्या अलीकडे लागतें. सातारा जिल्ह्यांतील एका तालुक्याचें तें मुख्य ठिकाण. याच तालुक्यांतील नायगांव येथें ३ जानेवारी १८३१ रोजीं खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरीं सावित्रीबाईंचा जन्म झाला. १८४० सालीं ज्या जोतीराव फुल्यांशीं त्यांचा विवाह झाला, त्यांनीं तरुणपणीं पुण्यास लहुजी वस्ताद साळवे यांच्यापाशीं दांडपट्टा आणि निशाणबाजी यांचें शिक्षण घेतलें. १८७३ सालच्या 'गुलामगिरी' ग्रंथांत जोतीरावांनीं त्याचा उल्लेखहि केला आहे. शाळा काढणाऱ्या या थोर गृहस्थाचें एक शिक्षण अशा प्रकारें तालमींत झालें होतें, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानीं राहत नाहीं.

दांडपट्टा हें शस्त्र मोठें बोलकें आहे. साध्या तलवारीची मूठ उघडी असते. ती धरणाऱ्याचें मनगट मोकळें राहतें. पट्ट्याची मूठ लोखंडी आवरणांत असते आणि तें आवरण मनगटावरून पुढें जाऊन हाताचा बराच भाग झांकतें. मनगट वळविण्यास वावच उरत नाहीं. म्हणून पट्टा मनगटानें फिरत नाहीं; तो खांद्यांतून, कमरेंतून आणि पायांच्या फेऱ्यांतून फिरतो. तलवारीस जो हात साजेल तो पट्ट्यास साजेलच असें नाहीं. शस्त्र बदललें कीं हाताची वाट बदलते. आणि ज्याच्या हाताची वाट ठरून गेली आहे, त्यानें तिला जुळणारें शस्त्र शोधावयाचें असतें.

हा प्रश्न केवळ रणांगणाचा नाहीं. तालमींत मुद्गलांची जोडी उचलणाऱ्या मुलापुढें तो उभा असतो, आणि गोल्फच्या मैदानावर 'ड्रायव्हर' नांवाची सर्वांत लांब पल्ल्याची काठी निवडणाऱ्या गृहस्थापुढेंहि तोच उभा असतो. इतिहासांत त्याला एकामागून एक तीन उत्तरें मिळालीं. प्रथम कारागीर माणसाचा हात पाहून साधन घडवीत असे. पुढें कारखान्यानें एका मापाचीं साधनें काढलीं आणि माणसानें आपला हात त्यांना जुळवून घ्यावा, अशी अपेक्षा धरली. आतां मोजणीचीं यंत्रें हाताशीं आल्यामुळें पुन्हां हात पाहून साधन निवडण्याकडे कल झाला आहे. मधल्या काळांत असंख्य माणसांनीं साधनाचा दोष स्वतःच्या माथीं घेतला. 'आपल्या अंगांत जोरच नाहीं', 'आपल्याला हें साधावयाचें नाहीं', असें म्हणून त्यांनीं व्यायाम सोडला किंवा खेळ सोडला. एवढ्यासाठीं तरी हा इतिहास पाहण्याजोगा आहे.

मुद्गल हा दिसावयास अगदीं साधा. शिसवीसारख्या घट्ट लाकडाचा, खालीं जाड आणि वर मुठीकडे निमुळता होत गेलेला दांडका; दोन्ही हातांसाठीं दोन सारखे असले कीं जोडी झाली. महाराष्ट्रांत त्याला मुद्गल, जोडी, करेल अशा नांवांनीं ओळखतात. तो छातीपुढून वर न्यावयाचा, खांद्यामागें सोडावयाचा, पाठीशीं एक फेरी देऊन पुन्हां पुढें आणावयाचा. यांत उचलण्याचें काम थोडें आणि आवरण्याचें काम मोठें. जमिनीवरून उचलतांना जें ओझें क्षुल्लक वाटतें, तेंच पाठीमागें फिरूं लागल्यावर हाताला ओढून नेतें.

याचें कारण साधें आहे. हातांत स्थिर धरलेलें वजन एक, आणि हाताभोंवतीं फिरणारें वजन निराळें. फिरणाऱ्या वस्तूंत वजन किती यापेक्षां तें मुठीपासून किती दूर आहे, याला अधिक महत्त्व असतें. तेंच वजन दुप्पट अंतरावर नेलें, तर तितक्याच चपळाईनें फिरविण्यास दुप्पट नव्हे, चौपट जोर लागतो. म्हणून आंखूड आणि जाड असा जड मुद्गल एखाद्याला सहज पेलतो, आणि त्याहून हलका पण लांब मुद्गल त्याचाच खांदा मोडून टाकतो. तराजूवर ठेवून जोडीची निवड करणाराची फसगत होते ती येथेंच.

जाणत्या वस्तादाला हें गणित मांडावें लागत नाहीं. त्याची नजर तें काम करते. मुद्गल मागें गेला असतां कंबर पुढें ढकलली जाते काय, कोंपर बाहेर फांकतें काय, मुद्गल पाठीवर आपटतो काय, दोन्ही हातांचा ताल सारखा राहतो काय, एवढें पाहिलें कीं पुरे. पहिल्या दहा फेऱ्या कोणीहि नीट काढील. पन्नासाव्या फेरीस हात आपली वाट सोडूं लागला, तर जोडी त्या हाताची नव्हे. तालमीच्या या परीक्षेंत जोराची मोजणी नाहीं. हात थकल्यावर काय होतें, याची ती मोजणी आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत कंपनी सरकारच्या गोऱ्या अंमलदारांनीं हिंदी शिपायांचा हा व्यायाम पाहिला आणि तो विलायतेस नेला. तेथें त्याला 'इंडियन क्लब' हें नांव पडलें. १८३० नंतरच्या दशकांत डोनाल्ड वॉकर या लेखकानें लंडनमध्यें प्रसिद्ध केलेल्या व्यायामाच्या पुस्तकांमुळें त्याचा प्रसार झाला. वॉकरनें पुरुषांसाठीं निराळा आणि स्त्रियांसाठीं हलक्या, नाजूक दांडक्यांचा निराळा क्रम सांगितला. हाताप्रमाणें साधन हें तत्त्व येथपर्यंत तरी जिवंत होतें. न्यूयॉर्कच्या सिम केहो या गृहस्थानें १८६६ सालीं या विषयावर स्वतंत्र पुस्तक काढलें आणि जोड्या तयार करून विकण्याचा धंदाहि केला. हळूहळू अमेरिकेंतील आणि युरोपांतील शाळांत, पलटणींत व व्यायामशाळांत शेंकडों माणसें रांगेनें उभीं राहून पियानोच्या ठेक्यावर एकदम जोड्या फिरवूं लागलीं.

रांगेची शोभा वाढली, परंतु रांगेला सारखेपणा लागतो. सर्वांचा हात एकाच वेळीं वर जावयाचा, तर सर्वांच्या हातीं एकाच मापाचें साधन हवें. मग उंच मुलगा आणि ठेंगणा मुलगा, रुंद खांद्यांचा आणि अरुंद खांद्यांचा, सर्वांना एकच जोडी मिळाली. वस्तादाच्या नजरेची जागा शिट्टीनें घेतली. हा व्यायाम १९०४ सालीं सेंट लुई येथील ऑलिंपिक सामन्यांत स्पर्धा म्हणून आला आणि क्लीव्हलंडच्या एडवर्ड हेनिगनें तो जिंकला. १९३२ सालीं लॉस एंजेलिस येथें तो पुन्हां आला. या खेपेस अवघे चार स्पर्धक उतरले. जिंकणारा जॉर्ज रॉथ त्या मंदीच्या दिवसांत बेकार होता. सुवर्णपदक घेऊन तो मैदानाबाहेर पडला आणि वाटेवरच्या मोटारींना हात करीत घरीं पोंचला, असें सांगतात. त्यानंतर ऑलिंपिकमध्यें ही स्पर्धा झाली नाहीं. आज तालबद्ध जिम्नॅस्टिक्समध्यें मुली जे क्लब फेंकतात व झेलतात, ते वजनानें किमान १५० ग्रॅम आणि लांबीनें ४० ते ५० सेंटिमीटर असतात. मुद्गलाचें हें दूरचें नातें आतां खांद्याऐवजीं बोटांच्या कौशल्यावर जगत आहे.

मुद्गल पूर्वेकडून पश्चिमेस गेला. गोल्फ पश्चिमेकडून इकडे आला. या खेळाचें माहेर स्कॉटलंड. तेथेंहि खेळ आणि शस्त्र यांचें नातें फार जुनें आहे. १४५७ सालीं स्कॉटलंडच्या पार्लमेंटनें गोल्फवर बंदी घातली, कारण त्या नादानें लोक धनुर्विद्येचा सराव टाळूं लागले होते. गंमत अशी कीं, १५०२ सालीं राजा चौथा जेम्स यानें स्वतःच पर्थ येथील धनुष्यें करणाऱ्या कारागिराकडून गोल्फच्या काठ्या विकत घेतल्या. राजाच्या हिशेबांत त्याची नोंद आहे. १६०३ सालीं सहाव्या जेम्सनेंहि विल्यम मेन नांवाच्या धनुष्यकारालाच आपला काठ्या करणारा म्हणून नेमलें. यांत आश्चर्य नाहीं. धनुष्यकाराला लाकूड किती वांकतें, किती वेगानें परत उसळतें आणि कोणत्या हाताला किती ताठ लाकूड सोसतें, हें कळत असे. तीच विद्या गोल्फच्या काठीस लागते.

हिंदुस्थानांत हा खेळ इंग्रजांबरोबर आला. १८२९ सालीं कलकत्त्यास आणि १८४२ सालीं मुंबईस गोल्फचे क्लब निघाले. ब्रिटिश बेटांच्या बाहेर आज हयात असलेल्या क्लबांत कलकत्त्याचा क्लब सर्वांत जुना. साहेब लोकांचा खेळ म्हणून आपल्या समाजानें त्याकडे पुष्कळ दिवस दुरूनच पाहिलें. पुढें काळ पालटला. २०२१ सालीं भरलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्यें भारताच्या वतीनें जे दोन पुरुष गोल्फ खेळले, त्यांपैकीं अनिर्बान लाहिरीचा जन्म पुण्याचा आणि दुसरा खेळाडू उदयन माने हा.

गोल्फच्या पिशवींत अनेक काठ्या असतात. त्यांत ड्रायव्हर ही सर्वांत लांब. चेंडू पहिल्या टोल्यांत शक्य तितका दूर नेणें हें तिचें काम. जुन्या काळीं तिचें डोकें लांबट, होडीच्या आकाराचें असे; तें बाभळीसारख्या कांटेरी झाडाच्या, सफरचंदाच्या किंवा पेअरच्या लाकडाचें करीत. चेंडू कातड्याचा, आंत पिसें ठासून भरलेला. १८४८ च्या सुमारास मलायाकडील गटापर्चाचा चेंडू निघाला. तो स्वस्त होता आणि टिकाऊ होता, पण टणक होता. त्याच्या आघातानें नाजूक डोकीं फुटूं लागलीं. म्हणून डोकीं आंखूड व जाड झालीं. दांड्यासाठीं अमेरिकेचें हिकरी नांवाचें चिवट लाकूड आलें. पुढें डोक्यासाठींहि अमेरिकेचेंच पर्सिमन लाकूड रूढ झालें. हें झाड आपल्या टेंभुर्णीच्या कुळांतलें.

हिकरीच्या दांड्यांत एक खोड होती आणि तीच त्यांची खुबी होती. कोणतेहि दोन दांडे सारखे नसत. एक ताठ, दुसरा लवचिक, तिसरा टोल्याच्या वेळीं पीळ खाणारा. म्हणून खेळणाऱ्याला दुकानांत पुष्कळ काठ्या हातीं घेऊन, झुलवून, चाळून आपली काठी निवडावी लागे. अमेरिकेच्या बॉबी जोन्सनें १९३० सालीं एकाच वर्षांत चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या, त्या हिकरीच्या काठ्यांनींच. त्यानें आपल्या काठ्या वर्षानुवर्षें केवळ हाताच्या जाणिवेनें गोळा केल्या होत्या. पुढें त्या शास्त्रीय रीतीनें तपासल्या असतां, एक सोडून सर्वांचा तोल एकमेकींशीं जुळता आढळला, असें सांगतात. आणि जी एक जुळत नव्हती, तिनेंच जोन्सला जन्मभर त्रास दिला होता. कांटा जें दाखवितो तें जाणत्या हाताला आधींच कळलेलें असतें, याचें याहून चांगलें उदाहरण मिळणें कठीण.

जोन्सच्या काळींच दुसरें युग सुरू झालें होतें. पोलादी दांड्यांना अमेरिकेंत आधींच मान्यता मिळाली होती. १९२९ सालीं सेंट अँड्रूजच्या नियामक मंडळानेंहि ती दिली. पोलादाचे दांडे हजारोंनीं एकसारखे निघूं लागले. काठीचा झोक्यांतील तोल मोजण्याचा कांटाहि याच सुमारास अमेरिकेंत रॉबर्ट ॲडम्स यानें तयार केला. मुठीच्या टोंकापासून १४ इंचांवर काठीला आधार देऊन डोक्याकडील भार किती हें त्यावर पाहतात. काठ्या एकमेकींशीं जुळूं लागल्या, ही मोठीच सोय झाली. परंतु त्या खेळणाराशीं जुळतात काय, हें पाहण्याचें मात्र राहून गेलें. 'ताठ' आणि 'साधारण' अशा दोन-चार शिक्क्यांत जगांतील सर्व हात बसविले गेले. ताठ दांडा म्हणजे मर्दाचा, ही समजूत पसरली आणि ज्याला तो झेपत नसे तो आपल्या खांद्यास दोष देई.

१९७९ सालीं धातूच्या डोक्याचा ड्रायव्हर बाजारांत आला. दोन दशकांच्या आंत पर्सिमन मागें पडलें. टायटॅनियमचीं पोकळ, मोठालीं डोकीं आलीं. त्यांच्या आकारास २००४ सालीं ४६० घन सेंटिमीटरांची मर्यादा घालावी लागली. दांड्याच्या लांबीसहि ४८ इंचांची मर्यादा आहे, आणि २०२२ पासून बड्या व्यावसायिक स्पर्धांत ती ४६ इंच करण्यात आली. लांब दांड्यानें डोक्याचा वेग वाढतो, पण चेंडू डोक्याच्या मध्यावर बसण्याचें प्रमाण घटतें. आणि मध्य चुकला कीं वाढलेला वेग चेंडूला दूर नेण्याऐवजीं रानांत नेतो. मुद्गलाच्या लांबीचें जें गणित, तेंच हें.

आतां रडारसारख्या यंत्रानें झोक्याचा वेग, डोक्याची वाट आणि चेंडूची फिरकी क्षणांत मोजतां येते. त्यांतून जें निष्पन्न झालें तें साध्या भाषेंत सांगतां येईल. हौशी पुरुषाच्या ड्रायव्हरचा वेग सामान्यतः ताशीं ९० मैलांच्या आसपास असतो. नामांकित व्यावसायिकाचा ११० मैलांच्या वर. ज्याचा वेग कमी, त्याला चेंडू हवेंत टिकविण्यासाठीं ड्रायव्हरचें तोंड अधिक कललेलें हवें, ११ ते १३ अंशांपर्यंत. आणि दांडा थोडा लवचिक हवा. ज्याचा वेग मोठा, त्याला ८ ते १० अंश पुरतात आणि दांडा ताठ लागतो. पण नुसत्या वेगावर भागत नाहीं. कोणी झोक्याच्या आरंभींच हिसका देतो, कोणी सावकाश वळून शेवटीं वेग घेतो. दोघांचा अंतिम वेग एकच असला तरी दांड्यावर पडणारा ताण निराळा. हिसका देणाऱ्याला ताठ दांडा मानवतो, सावकाश फिरणाऱ्याला मऊ.

निवड करतांना दोन मोह आवरावे लागतात. पहिला मोह दुकानांतील झोक्याचा. कोणी पाहत असतां मनुष्य नेहमींपेक्षां जोरानें झोका देतो, आणि त्या उसन्या झोक्यासाठीं काठी विकत घेतो. दुसरा मोह सर्वांत लांब गेलेल्या एका चेंडूचा. दहा टोल्यांपैकीं एक विलक्षण लांब गेला, म्हणून ती काठी आपली ठरत नाहीं. दहांपैकीं सात चेंडू जिनें एका टापूंत टाकले ती आपली. आणि ही परीक्षा ताज्या हातानें नव्हे, थोड्या थकलेल्या हातानें घ्यावी. हें सांगण्यास अमेरिकन यंत्र लागलें खरें, परंतु पन्नासाव्या फेरीस हाताकडे पाहणाऱ्या वस्तादाची रीत याहून निराळी नव्हती.

सातारा जिल्ह्याच्या इतिहासांत या विवेकाचें एक उदाहरण नांवनिशीवार नोंदलेलें आहे. औंधचे अधिपति भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधि यांनीं १८९७ च्या सुमारास युजीन सँडो या जगप्रसिद्ध मल्लाचीं पुस्तकें आणि व्यायामाचीं साधनें मागविलीं. सँडोच्या पद्धतीचा त्या वेळीं जगभर बोलबाला होता. भवानरावांनीं ती सुमारें दहा वर्षें निष्ठेनें चालविली. पुढें मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून त्यांनीं सूर्यनमस्कार आरंभिले, आणि आपल्या शरीराला हेंच मानवतें अशी त्यांची खात्री झाली. मग त्यांनीं आपल्या संस्थानांतील शाळांत नमस्कार सुरू केले, आणि १९३८ सालीं त्यांचें नमस्कारांवरील इंग्रजी पुस्तक लंडनला प्रसिद्ध झालें. सँडोचीं साधनें वाईट होतीं असें नव्हे. हजारोंना त्यांनीं बळ दिलें. पण दहा वर्षें वापरलेली, पैसे मोजून आणलेली, जगानें वाखाणलेली वस्तु आपल्या अंगाला अधिक जुळणारी गोष्ट सांपडतांच बाजूस ठेवणें, याला धैर्य लागतें. राजालाहि तें लागतें, आणि महागडा ड्रायव्हर घेऊन बसलेल्या गृहस्थालाहि लागतें.

याच जिल्ह्यांतील गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनीं १९५२ सालीं हेलसिंकी येथें कुस्तींत कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारतातर्फे वैयक्तिक ऑलिंपिक पदक जिंकणारे ते पहिले खेळाडू. सातारा-सांगलीकडे कुस्तीचें वेड आजहि ओसरलेलें नाहीं. मोठ्या मैदानांत विजयी मल्लाला चांदीची गदा देतात. ती खांद्यावर घेऊन तो मिरवतो. तिचें वजन किती, लांबी किती, याचा विचार कोणी करीत नाहीं, कारण ती फिरविण्यासाठीं नसते. दुसऱ्या दिवशीं पहांटे मेहनतीस उतरतांना त्याला आपल्या हाताला बसलेली साधी लांकडी जोडीच घ्यावी लागते. मिरविण्याची गदा आणि फिरविण्याची जोडी यांतील भेद ज्याला कळला, त्याला तालमींत, मैदानांत किंवा दुकानांत साधन निवडतांना फारसें कोणाला विचारावें लागणार नाहीं.